रुंद स्कॅनरवर रेघ आली की आधी काय बघाल? (मोठ्या नकाशांच्या स्कॅनरची निगा आणि दुखणी)

नकाशाघर | सोमवार, रात्री ९:४०

प्लॉटरच्या (मोठे नकाशे छापणाऱ्या मशीनच्या) धाग्यावर अवांतर फार वाढलं म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ३६ आणि ४४ इंची स्कॅनर चालवणारे इथे बरेच आहेत. कुणाचं प्रिंटचं दुकान, कुणाचं आर्किटेक्टचं ऑफिस, कुणी मोजणीवाले, कुणी जुने कागद जपणारे. तक्रार सगळ्यांची एकच: "स्कॅनमध्ये रेघ येते." आणि उपायही सगळ्यांचा एकच, की लगेच कॅलिब्रेशन मारायचं. माझ्या मते तिथेच गाडी चुकते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा रेघेची दिशा बघा. या मशीनमध्ये सेन्सर जागचा हलत नाही, कागद त्याच्यासमोरून सरकतो. काचेवर एका जागी कण बसला असेल तर तो कागदाच्या सगळ्या लांबीभर रेघ ओढणार. तेव्हा कागदाच्या चालीच्या दिशेने, वरपासून खालपर्यंत अखंड रेघ दिसली तर काच किंवा तिच्या पलीकडचं काहीतरी. रेघ चालीला आडवी असेल तर काचेला दोष देऊ नका, कागद चालता चालता अडखळलाय. आणि तोच डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर काहीतरी गोल फिरतंय. दोन डागांतलं अंतर मोजा, ३.१४ ने भागा, रोलरचा व्यास मिळेल. २० मिमी व्यासाच्या रोलरवरचा डिंक साधारण दर ६३ मिमीला हजेरी लावतो.

मग रेघेचा रंग. गडद रेघ असेल तर घाण आत्ता तिथे आहे. रेघ उजळ किंवा पांढरी असेल तर घाण कॅलिब्रेशनच्या वेळी तिथे होती. कॅलिब्रेशनमध्ये मशीन पांढऱ्या पट्टीकडे बघून प्रत्येक पिक्सेलला "तुला इतकं उजळायचंय" असा हिशोब लावून ठेवतं. त्या क्षणी काचेवर खोडरबराचा चुरा असेल तर त्या खालच्या पिक्सेलला प्रकाश कमी मिळाला असं समजून त्याचा हिशोब वाढवतं. नंतर चुरा उडून जातो, हिशोब तसाच राहतो. लोक मग काच पुसत बसतात आणि रेघ काही जात नाही, कारण पुसायला तिथे काही नसतंच.

म्हणून क्रम ठरलेला: आधी साफसफाई, मग मशीन तापू देणं, मग कॅलिब्रेशन. सकाळी शटर उघडल्याबरोबर कॅलिब्रेशन करू नये. सीसीडी मशीनमध्ये (आत दोन-चार कॅमेरे असतात, आरशांतून कागद बघणारे) तापमानाबरोबर आतला सांगाडा सूक्ष्म हलतो आणि कॅमेऱ्यांचे सांधे, म्हणजे त्यांची चित्रं जुळतात त्या जागा, सरकतात. जुन्या ट्यूबलाइटवाल्या मशीनमध्ये तर दिव्याचा उजेडच स्थिर व्हायला वेळ लागतो. एलईडीवाली लवकर तयार होतात, तरी घाई नको. किती वेळ थांबायचं ते आपापल्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं.

जागा शोधायची सोपी युक्ती: पूर्ण रुंदीचा स्कॅन काढा, रेघेचा पिक्सेल क्रमांक बघा, डीपीआयने (इंचामागे किती पिक्सेल, त्या आकड्याने) भागा, २५.४ ने गुणा. ६०० डीपीआयला ७०८७ व्या पिक्सेलवर रेघ असेल तर कडेपासून ३०० मिमीवर घाण आहे. कागद वरच्या बाजूने वाचणारं मशीन आहे की खालच्या, ते लक्षात ठेवा, नाहीतर डावं-उजवं उलटं होऊन भलतीकडेच घासत बसाल.

आता तुमचे अनुभव येऊ द्यात. कंपनीचं नाव घेऊन शिव्या नकोत, नाहीतर संपादक धागा उडवतील.


सांगलीकर_प्लॉटर | सोमवार, रात्री १०:०५

बेस्ट धागा. वाचनखूण साठवली.

उजळ रेघेचं कोडं आज सुटलं राव. आमच्याकडं एक पांढरी रेघ दिवाळीपासून आहे. पोरगं रोज काच पुसतंय.


निळीप्रत | सोमवार, रात्री १०:३०

छान लिहिलंय. साफ कसं करायचं तेही लिहा ना. आमच्याकडे काचेवर थेट स्प्रे मारतात, मला ते बघवत नाही.


नकाशाघर | सोमवार, रात्री ११:१०

@निळीप्रत, बघवत नाही ते बरोबरच आहे. स्प्रे काचेवर मारला की द्रव कडेच्या फटीतून काचेच्या आतल्या बाजूला उतरतो. बाहेरून काच लख्ख, आणि आत सुकलेल्या थेंबाचा डाग. तो मग झाकण खोलल्याशिवाय निघत नाही.

मी करतो ते असं. मशीन बंद, प्लग काढलेला. आधी मऊ ब्रशने किंवा हवेच्या रबरी फुग्याने सुटी धूळ काढायची, कारण धुळीत रेतीचा कण असतो आणि ओलं कापड फिरवलं की तोच काच ओरबाडतो. मग धागे न सुटणारं कापड, त्यावर दोन-तीन थेंब साधा काच-क्लीनर, आणि काचेच्या लांबीच्या दिशेने एक हात. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं. अमोनियावालं क्लीनर, अॅसिटोन, थिनर यांना जवळ येऊ देऊ नका. काचेवर लेप असतो आणि आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आहे.

काचेसमोरची पांढरी पट्टी किंवा दाबपट्टी लोक विसरतात. साध्या कागदावर तिची घाण दिसत नाही. ट्रेसिंग पेपर लावला की आरपार दिसते. "ट्रेसिंगवरच रेघ येते, बाँडवर येत नाही" असं कुणी म्हणालं की मी काचेकडे जातच नाही, पट्टी बघतो.

रबरी रोलरला पाण्याने ओलसर केलेलं कापड पुरतं. हाताने हळूहळू फिरवत पुसायचा. स्पिरिटने रबर चकचकीत आणि कडक होतं, पकड जाते. पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा. आणि शेवटचं, कागद ओळखणारे छोटे सेन्सर असतात, काळ्या टिकलीएवढे, कागद आत जातो त्या वाटेवर. त्यांच्यावर एकदा कोरडी इअरबड फिरवा. "कागद लावला तरी मशीन कागद लावा म्हणतंय" हे दुखणं बऱ्याचदा तिथेच संपतं.


रोट्रिंग_पॉइंट३ | मंगळवार, सकाळी ८:२०

जुन्या पेन्सिल ड्रॉइंगवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. शिशाची भुकटी काचेवर आणि रोलरवर बसते, रोलरवरून पुढच्या ग्राहकाच्या कोऱ्या कागदावर उतरते. आमच्याकडे पेन्सिलचे नकाशे दिवसाच्या शेवटी घेतात आणि लगेच सफाई करतात. सेलोटेप लावलेले, स्टेपल मारलेले नकाशे काउंटरवरच परत. एक पिन काचेवर कायमची रेघ मारते आणि ती रेघ कुठल्याच कॅलिब्रेशनने जात नाही.


मोजणीदार | मंगळवार, सकाळी १०:५०

रेघ दिसते तरी. न दिसणारं दुखणं लांबीचं आहे. धागाकर्त्यांनी त्यावर काही लिहिलं नाही.

रुंदीचं माप सेन्सर ठरवतो, ते सहसा बिघडत नाही. लांबीचं माप रोलर ठरवतो. रोलर झिजला, घसरला, त्यावर घाण चढली की लांबी बदलते, आणि चित्र मात्र छान स्वच्छ दिसतं. मी तपासतो ते असं: पॉलिस्टर फिल्मवर पोलादी पट्टीने मोजून बरोबर १००० मिमी अंतरावर दोन फुल्या. कागद घेऊ नये, तो हवेप्रमाणे फुगतो. प्लॉटरचा प्रिंटही घेऊ नये, प्लॉटरची स्वतःची चूक त्यात येते. ही फिल्म ४०० डीपीआयला स्कॅन केली की फुल्यांमध्ये १५,७४८ पिक्सेल आले पाहिजेत. मागच्या महिन्यात एका दुकानात बघितलं तर १५,७९५. म्हणजे मीटरमागे ३ मिमी लांब, ०.३ टक्के.


सांगलीकर_प्लॉटर | मंगळवार, सकाळी ११:१५

०.३ टक्क्यानं काय होतंय हो. आमच्या गिऱ्हाइकाला कॉपी पाहिजे असती, पाच मिनिटांत पाहिजे असती.


मोजणीदार | मंगळवार, दुपारी १२:३०

भाऊ, तुमच्या गिऱ्हाइकाला काही होत नाही, मान्य. माझ्याकडे येणारे जुने गाव नकाशे बहुतेक १ इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७९२० चे. ७०० मिमीच्या नकाशावर ०.३ टक्के म्हणजे २.१ मिमी. जमिनीवर ते साडेसोळा मीटर. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. हद्द काही कुणी गाव नकाशावर पट्टी ठेवून ठरवत नाही, त्याला टिपण, फाळणी (मोजणीचे मूळ कागद) असते. पण हाच स्कॅन उपग्रह चित्रावर बसवायला घेतला की एका टोकाला गट बसतो आणि दुसऱ्या टोकाला ओढ्यात जातो. मग सगळे म्हणतात जुना नकाशाच चुकीचा.


नकाशाघर | मंगळवार, दुपारी १:१०

दोघांचंही बरोबर आहे, काम वेगळं आहे. लांबीचा मुद्दा राहिला होता, मोजणीदारांनी छान भरून काढला. त्यात एक जोडतो, चूक कोणत्या बाजूची आहे त्यावरून कारण कळतं.

रोलर एक ओळ पुढे गेला असं मशीन समजतं, पण कागद घसरल्यामुळे तेवढा गेलेला नसतो. त्यामुळे तोच कागद जास्त ओळींत वाचला जातो, आणि चित्र लांब होतं. झिजलेल्या रोलरचंही तसंच, कारण व्यास कमी झालाय. उलट रोलरवर डिंक-घाण चढली की व्यास वाढतो आणि चित्र आखूड होतं. पुढून निघालेला कागद कुणी हाताने ओढत असेल तरी आखूडच. दुकानातला पोरगा प्रेमाने कागद "धरून" ठेवतो ना, ती सवय मोडा. मागून जड गुंडाळी लोंबत असेल तर ती कागदाला मागे खेचते, चित्र लांब होतं. पुढे-मागे दोन्हीकडे कागद टेकायला टेबल किंवा टोपली हवी.

मोजणीदारांचे १५,७९५ जास्तीचे आहेत, म्हणून त्या दुकानात मी आधी रोलर ओल्या कापडाने पुसेन, वेग कमी करेन, आणि तरी तेवढेच आले तर सॉफ्टवेअरमधलं लांबीचं कॅलिब्रेशन करेन. या क्रमाने. घसरणाऱ्या रोलरला आकड्याने दुरुस्त केलं तर बाँड पेपरला बरोबर आणि फिल्मला चूक असा नवा घोळ होतो, कारण प्रत्येक कागद वेगळा घसरतो.


मोजणीदार | मंगळवार, दुपारी ३:००

रोलर पुसल्यावर १५,७६१ वर आलं होतं. बाकीचं आकड्याने काढलं. (दुकानदाराने चहाही पाजला.)


अपरान्त | मंगळवार, रात्री ८:४५

रत्नागिरीहून लिहितोय. पावसाळ्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून. तुमची सगळी गणितं जूनपर्यंत.

कागद दमट हवेत फुगतो, आणि दोन्ही दिशांना सारखा फुगत नाही. तंतू ज्या दिशेने असतात तिच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. एकच नकाशा एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये स्कॅन केला तर मापं जुळत नाहीत आणि दोष स्कॅनरला लागतो. आम्ही कागद आदल्या दिवशीच स्कॅनरच्या खोलीत पसरून ठेवतो. लाटा आलेला कागद तसाच घातला तर वळ्या पडतात, आणि सीआयएस मशीनमध्ये (सेन्सर काचेला चिकटलेला असतो त्यात) वळीच्या जागी अक्षर पुसट.

दुसरं म्हणजे एसी. दिवसभर एसी, रात्री बंद, खिडकी उघडी. गार पडलेल्या काचेवर आणि आतल्या आरशांवर दव धरतं. मशीन लगेच चालू केलं तर सगळा स्कॅन दुधाळ येतो आणि दहा मिनिटांत आपोआप बरा होतो. असं झालं की लोक कॅलिब्रेशन करतात. नका करू. खोली बंद ठेवा, मशीनवर कापडी आच्छादन घाला, प्लॅस्टिकचं नको, आत घाम धरतो. सीसीडी मशीन पावसाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवू नका, लेन्सला बुरशी लागते. आमच्याकडे काम नसलं तरी रोज थोडा वेळ चालू ठेवतो, आतली ऊब पुरते.


निळीप्रत | मंगळवार, रात्री ९:२०

सीआयएस आणि सीसीडी यांतला फरक कुणीतरी साध्या भाषेत सांगा. नवीन घ्यायचाय, विक्रेता म्हणतो दोन्ही सारखेच, सीआयएस स्वस्त.


नकाशाघर | मंगळवार, रात्री १०:१५

सारखे नाहीत. सीआयएसमध्ये सेन्सर काचेला जवळजवळ चिकटलेला असतो, मध्ये बारीक कांड्यांच्या लेन्सची रांग. कागद काचेला नीट टेकला तर एकदम धारदार, जरा उचलला गेला की धूसर. सीसीडीमध्ये कॅमेरे दूर असतात, आरशांतून बघतात, त्यामुळे घडी पडलेला, सुरकुतलेला कागदही बऱ्यापैकी टिपतात. पण कॅमेरे दोन-चार असतात, त्यांचे सांधे जुळवत राहावे लागतात. स्वच्छ नवीन प्लॅन आणि बाँड पेपर असेल तर सीआयएस घ्या, पैसे वाचवा. चुरगळलेले अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या जुन्या नकला), जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले नकाशे, असं असेल तर सीसीडी.

सांध्यांचं दुखणं दोन्हीत असतं. सीआयएसची पट्टी सलग नसते. ए४ च्या आसपास रुंदीचे तुकडे असतात, ३६ इंचांत पाचेक, एक पुढे एक मागे असे नागमोडी लावलेले. पुढच्या तुकड्याने वाचलेली ओळ आणि मागच्याने वाचलेली ओळ सॉफ्टवेअर जुळवतं. मध्ये कागद घसरला की जुळणी हुकते. तपासायला कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारा आणि स्कॅन करा. सांध्यावर पायरी दिसेल. ती पायरी सगळीकडे तेवढीच असेल तर कॅलिब्रेशन. कागदाच्या सुरुवातीला नाही आणि पुढे वाढत जाते असं असेल तर रोलर.

आणि एक खूण: चालीला आडव्या काळ्या रेघांच्या कडांना लाल-निळी किनार. सीआयएसमध्ये लाल, हिरवे, निळे एलईडी एकामागून एक लुकलुकतात आणि तीन वेळा वाचन होतं. मध्येच कागदाला झटका बसला की तीन रंग एकावर एक पडत नाहीत. ही किनार दिसली की रंगाच्या सेटिंगमध्ये शिरू नका, रोलर आणि वेग बघा.


रोट्रिंग_पॉइंट३ | बुधवार, सकाळी ९:००

+१. रंगीत किनारीसाठी आमच्याकडे एका इंजिनिअरने पूर्ण सेन्सर बदलायचं कोटेशन दिलं होतं. रोलरच्या बेअरिंगमध्ये दोरा अडकला होता.


कोरा_कागद | बुधवार, सकाळी ९:४०

सेवा करार घ्यावा का मग? की हेच सगळं घरी?


नकाशाघर | बुधवार, सकाळी १०:३०

करार घ्या, विशेषतः सीसीडी असेल तर. कॅमेरे जुळवणं आपलं काम नव्हे. पण इंजिनिअर आल्यावर त्याला दाखवायला तीन स्कॅन काढून ठेवा: एक कोरा पांढरा कागद, एक तिरकी रेघ, एक १००० मिमीची फिल्म. त्याचाही वेळ वाचतो आणि उगाच भाग बदलायची भाषा कमी होते.

कॅलिब्रेशन शीटबद्दल लिहायचं राहिलं. मशीनबरोबर येते ती शीट म्हणजे मोजपट्टी आहे. अंधारात, सपाट, तिच्या पाकिटात ठेवा. उन्हात पिवळी पडली की मशीन त्या पिवळ्यालाच पांढरं समजेल आणि तुमचे सगळे स्कॅन निळसर येतील. बोटांचे ठसे नकोत. एका ऑफिसात ती "खराब होऊ नये म्हणून" लॅमिनेट केलेली पाहिली. दुसरीकडे तिची रंगीत झेरॉक्स काढून ती वापरत होते, मूळ शीट साहेबांच्या कपाटात.


सांगलीकर_प्लॉटर | बुधवार, सकाळी १०:३५

=)) =))

आमची कुठंय ते बघून येतो.


चित्रलिपी | बुधवार, रात्री ११:५०

अमेरिकेतल्या एका अभिलेखागारात काम करते. वाचून मजा आली, पण एक विनंती: जुन्या नाजूक कागदांना कृपया रोलरवाल्या मशीनमध्ये घालू नका. ठिसूळ कागद एकदा रोलरमध्ये अडकला की त्याची भरपाई नाही. आमच्याकडे असे कागद सपाट टेबलावर, वरून कॅमेऱ्याने घेतात. इथे त्यासाठी एफएजीडीआय, चुकले, एफएडीजीआय नावाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. एक ते चार तारे असतात, आणि स्कॅनरने ते तारे रोजच्या कामात टिकवले का हे चाचणी-पट्टी स्कॅन करून मोजतात. मशीन घेताना कागदावर काय लिहिलं होतं ते तिथे कुणी विचारत नाही.

जुन्या ट्रेसिंग क्लॉथबद्दल विशेष. त्या कापडावर खळ असते. ओलं कापड लावलं की खळ विरघळते, शाई पसरते. दमट हातानेसुद्धा डाग पडतो. ते कोरड्या मऊ ब्रशनेच झटकायचं.


अपरान्त | गुरुवार, सकाळी ७:३०

ताई, टेबल-कॅमेरा परवडत नाही त्यांनी काय करायचं? आमच्या देवस्थानचे नकाशे तसेच आहेत, कडा फाटलेल्या.


चित्रलिपी | गुरुवार, संध्याकाळी ७:१०

पारदर्शक पॉलिस्टरची बाही मिळते, एका बाजूने जोडलेली. त्यात घालून चालवता येतं, कडा रोलरला लागत नाहीत. पण पॉलिस्टरच्या जाडीमुळे कागद काचेपासून तेवढा लांब जातो, सीआयएसवर थोडं धूसर येईल, म्हणून असली तर सीसीडी वापरा. चकाकीची इंद्रधनुषी वर्तुळं दिसली तर बाही आणि काच दोन्ही पुन्हा पुसून कोरडी करा. पीव्हीसीची बाही नको, ती कागदाला चिकटते. सावकाश वेग. आणि कागदाला पडलेली घडी हाताने जोर लावून उलटी मोडू नका, तिथेच तुकडा पडतो. फारच वाईट अवस्था असेल तर जवळच्या संग्रहालयाच्या जतन विभागाला विचारा, घाई करू नका.


निळीप्रत | गुरुवार, रात्री ८:००

बाहीवरून आठवलं. पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवरचे नकाशे आमचं मशीन ओळखतच नाही. कागद लावला तरी ढिम्म.


नकाशाघर | गुरुवार, रात्री ८:२५

कागद ओळखणारा सेन्सर प्रकाश टाकून तो परत येतो का बघतो. फिल्म पारदर्शक, प्रकाश आरपार. फिल्मच्या पुढच्या कडेमागे, नकाशा नसलेल्या समासात, पांढऱ्या कागदाची पट्टी मागून लावा. कागदी टेप, सहज निघणारी, आणि रोलर जिथे पकडतात तिथे डिंक बाहेर आलेला नको. रुंदी आपोआप ओळखायचं बंद करून हाताने भरा. गडद निळ्या ब्लूप्रिंटची कडही कधीकधी अशीच ओळखली जात नाही, तिथेही रुंदी हाताने.


मोजणीदार | शुक्रवार, सकाळी ११:४०

माझा एक प्रश्न, मशीनशी थेट संबंध नाही पण इथेच विचारतो. कालव्याचा उभा छेद, २४ इंच रुंद, ४ मीटर लांब. ६०० डीपीआय, रंगीत, जेपीईजी. स्कॅन पूर्ण होतो, वाचल्याचा आवाज येतो, आणि शेवटी सेव्ह होताना एरर. तीनशेला सेव्ह होतो. केबल बदलली, मशीन रिस्टार्ट केलं.


नकाशाघर | शुक्रवार, दुपारी १२:१५

मशीन ठणठणीत आहे. जेपीईजीमध्ये एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या वर जाता येत नाही. ६०० डीपीआयला ती मर्यादा सुमारे २.७७ मीटरवर संपते. तुमचा छेद ६०० ला ९४,४८८ पिक्सेल लांब होतो. ४०० ला ६२,९९२, म्हणजे जेपीईजीतही बसेल. ६०० च हवं असेल तर टिफ करा, पण साध्या टिफलाही ४ जीबीची मर्यादा असते. तुमचा हिशोब सुमारे ४.०८ अब्ज बाइट, जेमतेम बसतो. ३६ इंच रुंद असता तर बसला नसता, मग बिगटिफ (मोठ्या फाइलींसाठीचं टिफ) घ्यावं लागलं असतं.

काळ्या शाईच्या छेदाला रंगीत कशाला हवं पण? करड्या छटांत काढा, एक तृतीयांश होईल. थेट काळा-पांढरा एक-बिट मात्र नको, जुन्या अमोनिया प्रिंटची पार्श्वभूमी एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला उडालेली असते, एकच उंबरठा (कुठल्या छटेपासून काळं धरायचं ती सीमा) सगळीकडे चालत नाही. करड्यात स्कॅन करून मग सॉफ्टवेअरच्या जागेनुसार बदलणाऱ्या उंबरठ्याने काळा-पांढरा करा. मूळ करडी फाइल ठेवून द्या.

आणि फाइल थेट नेटवर्कच्या डिस्कवर लिहू नका. ए० कागद ६०० ला रंगीत घेतला तर दीड जीबीच्या वर डेटा येतो. नेटवर्क मंद पडलं की मशीनची मेमरी भरते, कागद मध्येच थांबतो, पुन्हा चालू होतो, आणि थांबलेल्या जागी आडवी रेघ. पहिल्या पोस्टमध्ये आडव्या रेघेला "चाल अडखळली" म्हटलं, त्याचं हेही एक कारण. आधी संगणकाच्या स्वतःच्या एसएसडीवर, मग सावकाश कॉपी.


कोरा_कागद | शुक्रवार, दुपारी १२:४०

आडवी रेघ आमच्याकडे दर दुपारी यायची. दुपारी ऑफिसचं बॅकअप चालतं. आत्ता ट्यूब पेटली.


सांगलीकर_प्लॉटर | शुक्रवार, दुपारी २:२०

कॅलिब्रेशन शीट सापडली. प्लॉटरच्या रोलच्या खोक्यात, गुंडाळलेली. पांढरी आहे अजून. दोन दिवस पाटाखाली सपाट ठेवलीय. काच, पट्टी, रोलर सगळं पुसलं, दुपारी मशीन गरम झाल्यावर शीट चालवली. दिवाळीची रेघ गेली. आता ती फिल्म आणि फुल्यांचं पण करून बघतो, मोजणीदार साहेब म्हणतात तसं. गिऱ्हाइकाला लागत नसलं तरी आपल्याला कळायला पाहिजे.


मोजणीदार | शुक्रवार, दुपारी ४:०५

फुल्या मारताना पट्टी पोलादीच घ्या, प्लॅस्टिकची नको.

माझा छेद करड्यात, ६०० ला, टिफमध्ये आला. साहेबांच्या संगणकावर उघडत नाही, पण तो रॅमचा वेगळा धागा होईल.